नाथसागराच्या काठी : शरद ऋतूतील पक्षी-निरीक्षणाचा एक पाठ

परिसर अभ्यासात पक्ष्यांचा पाठ आला, की पुष्कळ वर्गांत चोच, पंख, पाय व घरटे ही चार शीर्षके फळ्यावर येतात, पोपट आणि कावळा यांची चित्रे भिंतीवर लागतात व पाठ एका तासात आटोपतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिक्षकांना एवढ्यावर समाधान मानण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरीच्या पात्रात सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाण्याचा विस्तार पसरलेला आहे आणि दरवर्षी आश्विन-कार्तिकात त्या पाण्यावर हजार कोसांवरून पाहुणे उतरू लागतात. जो धडा पुस्तकात चित्ररूपाने आहे, तो येथे प्रत्यक्ष पोहत, चालत व उडत असतो. प्रस्तुत लेखात या जलाशयाच्या काठी चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन जावयाचे झाल्यास शिक्षकाने काय पाहावे, काय विचारावे व कोठे सांभाळून असावे, याचे काही विवेचन केले आहे.

प्रथम स्थळाविषयी. पैठण येथील धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविली गेली व १९७६ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणास जायकवाडी म्हणतात. पण जायकवाडी हे गाव पैठण तालुक्यात शोधू नये. मूळ योजना बीड जिल्ह्यातील त्या नावाच्या गावाजवळ व्हावयाची होती. धरणाची जागा बदलली, नाव मात्र राहिले. संत एकनाथांच्या गावी साठलेले पाणी म्हणून जलाशयास नाथसागर हे नाव मिळाले. मातीचा बांध सुमारे १० किलोमीटर लांब असून त्याला २७ दरवाजे आहेत. मुलांना हे आकडे पाठ करावयास लावण्यापेक्षा एक गोष्ट नीट समजावून द्यावी. ती अशी, की हा जलाशय डोंगरांमधील खोल दरीत नसून सपाट मुलखात पसरट परातीसारखा साठलेला आहे. परातीतील पाणी बोटभर उतरले तरी काठाची बरीच जागा उघडी पडते. नाथसागराचेही तसेच होते. पाणी हातभर ओसरले की मैलमैल चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलात किडे, गोगलगायी, शेवाळ व पाणवनस्पतींची मुळे असतात. पक्षी येतात ते या उथळ काठासाठी. खोल पाणी त्यांतील पुष्कळांच्या उपयोगाचे नाही. १९८६ साली या परिसरास पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले.

येथे ऋतूचा विचार ओघाने येतो. शिक्षकांची अशी समजूत असते, की पाऊस संपून जलाशय तुडुंब भरला म्हणजे पक्षी सर्वांत जास्त. वस्तुस्थिती उलट असते. भरल्या पाण्याच्या वर्षी ऑक्टोबरात काठ बुडालेले असतात, येणारे पक्षी विस्तीर्ण पाण्यावर पांगतात व डोळ्यांना थोडेच दिसतात. जसजसे कालव्यांतून पाणी सुटते, तसतसे काठ उघडे पडतात आणि डिसेंबर-जानेवारीत थव्यांची दाटी होते. मग शरदात जावेच कशासाठी? कारण शरदात आगमन पाहावयास मिळते. तुतवार आणि पांढरा धोबी हे लहान पक्षी आधी दिसू लागतात, त्यांच्यामागून बदके, आणि थंडी पडू लागल्यावर पट्टकादंब व करकोचे. ज्या शाळेने आश्विनात एक व मार्गशीर्षात एक अशा दोन फेऱ्या केल्या, तिच्या मुलांना स्थलांतर या शब्दाचा अर्थ व्याख्येवाचून कळतो. एकच सहल शक्य असेल तर कार्तिक बरा.

शहरातून जाणाऱ्यांनी उस्मानपुरा किंवा रेल्वे स्थानकाचा भाग पहाटे साडेपाचपूर्वी सोडावा. पैठण रस्त्याने चितेगाव, बिडकीन, ढोरकीन या मार्गे सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. पैठणचा काठ जलाशयाच्या पूर्वेस येतो, त्यामुळे सकाळी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले असता सूर्य पाठीशी असतो व पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. संध्याकाळी तेथेच उभे राहाल तर सारे पक्षी काळे दिसतील. पैठणच्या बाजूने जाणाऱ्यांनी म्हणूनच सकाळच पसंत करावी. वनखात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. धरणाच्या भिंतीवर व तिच्या लगतच्या भागात मुलांना नेऊ नये. काठच्या चिखलाविषयी तर वारंवार बजावावे. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत ओला असतो आणि मूल मांडीपर्यंत रुतू शकते. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, पाण्यापासून वीस पावलांचे अंतर, आणि गावातील एखादा जाणता मासेमार बरोबर, एवढी व्यवस्था झाल्याखेरीज सहल काढू नये. भडक रंगाचे कपडे टाळावेत. खाऊचे कागद परत आणावेत. दुर्बीण एकच असेल तरी चालेल; ती शिक्षकाच्या गळ्यात असावी व मुलांनी पाळीने पाहावे. पहिली पंधरा मिनिटे तर दुर्बीण पिशवीतच ठेवलेली बरी, कारण दुर्बीण हाती आली की मूल एका पक्ष्याकडे पाहते आणि बाकीच्या पाण्याकडे पाहावयाचे विसरते.

काठावर पोहोचल्यावर नावे सांगण्याची घाई करू नये. प्रथम एकच प्रश्न विचारावा : कोण कोठे उभे आहे? थोड्याच वेळात मुलांच्या लक्षात येते, की पक्षी पाण्यात कसेही विखुरलेले नसून जणू पट्ट्यापट्ट्यांनी वाटले गेले आहेत. ओल्या चिखलावर तुतवार शेपटी खालीवर हालवीत धावतो. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, त्याच्यापुढे गुडघाभर पाण्यात बगळे, चमचा व चित्रबलाक. त्याच्याही पलीकडे बदके तरंगत असतात, आणि सर्वांत खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारतो. पायांची लांबी आणि पाण्याची खोली यांचा हा मेळ मुलांनी स्वतः शोधून काढावा. शिक्षकाने तो आधी सांगितला तर सहलीचा निम्मा लाभ गेला असे समजावे.

यानंतर चोचीकडे वळावे. चमचा पक्ष्याची चोच टोकाशी पळीसारखी चपटी असते. ती अर्धवट उघडी ठेवून तो मान डावीउजवीकडे फिरवीत पाणी ढवळतो, जणू विळ्याने गवत कापीत आहे. चोचीला लागलेला किडा किंवा मासा तत्क्षणी पकडला जातो. शराटीची चोच कोयत्यासारखी वाकडी. ती चिखलात खुपसून आतील भक्ष्य काढण्यास उपयोगी. थापट्या बदकाची रुंद चोच काठांना फणीसारखी असते, तिच्यातून पाणी गाळले जाते व बारीक खाद्य आत राहते. घरी आई पीठ चाळते ते उदाहरण येथे चांगले लागू पडते. शेकाट्याची चोच सुईसारखी सरळ आहे. एवढ्या चार चोची जरी मुलांनी नीट पाहिल्या, तरी एकाच तळ्यात इतके पक्षी भांडणावाचून कसे जेवतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती येते.

बदकांमध्ये दोन तऱ्हा दाखवाव्यात. सरगे बदक, चक्रांग, भुवई बदक ही मंडळी बुडी न मारता डोके पाण्यात घालून शेपूट आकाशाकडे करतात. मुलांना हे पाहून फार हसू येते, ते येऊ द्यावे. लालसरी मात्र पूर्ण बुडी मारते. पहिल्या प्रकारची बदके पाण्यावरून एकदम वर उठतात. बुडी मारणाऱ्यांना आधी पाण्यावर काही अंतर पाय मारीत धावावे लागते. वारकरीही असाच धावतो. हा काळा, जाड अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला पक्षी थव्यांनी राहतो. त्याला वारकरी हे नाव का पडले असावे, असे पैठणच्या मुलांना विचारून पाहावे. नाथषष्ठीची वारी पाहिलेल्या मुलांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

पाणकावळा खडकावर किंवा वाळलेल्या खुंटावर पंख पसरून बसलेला दिसेल. तो ऊन खात आहे असे मुले म्हणतील. त्याची पिसे पाण्याने भिजतात, म्हणून बुडी मारताना त्याचे अंग हलके होऊन वर येत नाही. परंतु बाहेर आल्यावर त्याला पंख वाळवावे लागतात. बदक तेलकट पिसांमुळे कोरडे राहते. शाळेत परतल्यावर एक पीस तसेच व एक पीस साबणाने धुऊन पाण्यात टाकले, तर हा भेद प्रयोगाने दाखविता येतो. पीस कोंबडीचे असले तरी चालते.

आता नावांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण येथे शिक्षकाच्या हातून लाभ होतो किंवा हानी होते. मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाने मराठी पक्षिनामांचा मोठा ठेवा आपणांस दिला आहे आणि शिक्षकाने त्याचा अवश्य उपयोग करावा. परंतु काठच्या गावांत मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांतील मुले वर्गात असतात. त्यांना या पक्ष्यांची घरची नावे ठाऊक असतात. कोणता पक्षी कोणत्या दिवसांत येतो, कोणता जाळ्यापाशी घोटाळतो, कोणता ओरडला म्हणजे कोणी माणूस काठाने येत आहे असे समजावे, हेही त्यांना ठाऊक असते. अशा मुलाने एक नाव सांगितले आणि शिक्षकाने ते चूक ठरवून पुस्तकातील नाव फळ्यावर लिहिले, तर त्या मुलाला त्या दिवशी एकच गोष्ट शिकावयास मिळते : आपल्या बापाला जे कळते ते ज्ञान नव्हे. उलट, नोंदवहीत दोन रकाने आखून एकात गावचे नाव व दुसऱ्यात ग्रंथातील नाव लिहिले, तर एरवी मागच्या ओळीत गप्प बसणारे मूल सहलीत शिक्षकाच्या शेजारी चालू लागते. एकाच पक्ष्याला पाच मैलांवर निराळे नाव असते, हेही यातून ध्यानात येते. अशा नावांचा संग्रह शाळाशाळांतून झाला तर तो भाषेच्या दृष्टीनेही मोलाचा ठरेल.

चक्रवाकाचे उदाहरण भाषेच्या तासाला जोडण्यासारखे आहे. संस्कृत आणि मराठी काव्यात चक्रवाक-चक्रवाकीचे जोडपे रात्री नदीच्या दोन काठांवर विरहात काढते असा संकेत आहे. नारिंगी-तपकिरी रंगाचा व फिकट डोक्याचा हा पक्षी नाथसागरावर थंडीत हमखास दिसतो, तोही बहुधा जोडीने. लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंच प्रदेशांत तो अंडी घालतो. काव्यातील संकेत खोटा म्हणून सांगण्याची गरज नाही. जोडी किती वेळ एकत्र राहते, एक उडाला असता दुसरा काय करतो, हे पाहून लिहा, एवढेच मुलांना सांगावे.

पक्षी इतक्या दुरून का येतात, या प्रश्नाला सर्व वर्गांत एकच उत्तर मिळते : तिकडे थंडी फार म्हणून. हे उत्तर अपुरे आहे. बदकाच्या अंगावर मऊ पिसांची जी दाट गादी असते, ती पुष्कळ थंडी सोसू शकते. परंतु उत्तरेकडील तळी गोठली, किडे दिसेनासे झाले, जमिनीवर बर्फ पसरले, की खावयाचे काय? शिवाय दिवस लहान होतो आणि अन्न शोधण्यास प्रकाशाचा वेळ कमी मिळतो. दिवसाचे लहान होणे हीच पक्ष्यांना निघण्याची मोठी सूचना असते. पट्टकादंब, ज्याला आपल्याकडे राजहंसही म्हणतात, मंगोलिया व तिबेटच्या पठारांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर बसविलेल्या लहान यंत्रांनी तो ६००० मीटरांहून अधिक उंचीवर उडत असल्याची नोंद केली आहे. डोक्यामागील दोन काळ्या पट्ट्यांवरून तो सहज ओळखतो. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांचे मार्ग शोधण्याचे काम १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. कडी असलेला मृत पक्षी सापडल्यास क्रमांक उतरवून वनखात्यास कळवावा, हे काठच्या शाळांनी गावकऱ्यांना सांगून ठेवावे. मृत पक्ष्यास मुलांनी हात मात्र लावू नये. मुलांना परिचित असा उलट दिशेचा प्रवासी म्हणजे चातक. तो मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो व पावसाळा संपला की परततो. दोन्ही प्रवास नकाशावर दोन रंगांच्या दोऱ्यांनी दाखवावेत.

मोजणीशिवाय निरीक्षण अर्धे राहते. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात एक खेळ घ्यावा. ज्वारीचे दाणे मूठभर घेऊन काळ्या घोंगडीवर फेकावेत व मुलांनी दहापर्यंत मोजून किती दाणे आहेत याचा अंदाज सांगावा. पहिल्या वेळी दोनशे दाण्यांना कोणी पन्नास म्हणते, कोणी हजार. मग दहा दाण्यांचा एक पुंजका नजरेत धरावा, तसे किती पुंजके बसतील ते पाहावे आणि नंतर प्रत्यक्ष दाणे मोजावेत. चार-पाच वेळा असे केले की अंदाज बराच जुळू लागतो. थव्याची मोजणी याच रीतीने करतात. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते, तीही मुख्यतः अशाच नजरेच्या मोजणीवर चालते. गणिताच्या पुस्तकातील ‘अंदाज करा’ या उदाहरणाला याहून चांगला आधार मिळणे कठीण.

पक्ष्यांचे कौतुक करताना शिक्षकाने काठच्या शेतकऱ्याचा विसर पडू देऊ नये. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत लोक पिके घेतात. त्याच चिखलावर पक्ष्यांचेही अन्न असते. करकोचे व पट्टकादंब रात्री पाण्यात राहून पहाटे हरभऱ्याच्या रानात उतरतात, तेव्हा नुकसान होते ते एखाद्याच विद्यार्थ्याच्या घरचे. अशा मुलासमोर ‘पक्षी आपले मित्र’ असे वाक्य लिहून देण्यात अर्थ नाही. ज्याच्या शेतात थवा उतरतो त्यालाच, त्याची इच्छा असेल तर, काय होते ते सांगू द्यावे. राखण कशी करतात, किती रान खाल्ले गेले, ते वर्गाने ऐकावे आणि त्याचीही नोंद करावी.

त्याहून नाजूक गोष्ट पाण्याखालच्या गावांची. धरणात शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. पुनर्वसित गावांतील शाळांत आज त्या कुटुंबांची तिसरी पिढी शिकत आहे. सहलीत एखादी मुलगी बदकांच्या थव्याकडे बोट दाखवून म्हणेल, की तेथे आमच्या आजीचे घर होते. शिक्षकाने घाईने पक्ष्यांकडे वळू नये. आजीला शाळेत बोलवावे. धरणापूर्वी नदीच्या पात्रात कोणते पक्षी असत, वाळूत टिटवीसारखे कोणते पक्षी अंडी घालीत, कोणते तेव्हा नव्हते व पाणी साठल्यावर दिसू लागले, हे तिला विचारावे. ग्रंथात न सापडणारी माहिती येथे मिळेल. जलाशयाचा इतिहास मुलांना एका अंगाने कळू नये. याच पाण्यातून निघालेला डावा कालवा २०८ व उजवा कालवा १३२ किलोमीटर लांब आहे, संभाजीनगरचे पिण्याचे पाणी येथूनच येते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातील पाणी उचलण्याची पाळी आली होती. अशा वर्षी काठ कोठल्याकोठे मागे जातो, आणि पुढच्या शरदात पाऊस किती झाला यावर पाहुण्यांची पंगत ठरते.

ज्या शाळांना पैठण दूर पडते त्यांनी हिरमुसू नये. शहरातील शिक्षकांसाठी दिल्ली दरवाजाबाहेर सलीम अली सरोवर आहे. पूर्वी त्याला खिजरी तलाव म्हणत. उस्मानपुऱ्याहून निघून शाळेच्या वेळेपूर्वी तेथे फेरी मारून परतता येते, आणि काठच्या झाडांवर बगळ्यांची वस्ती पाहता येते. खेड्यांत १९७२ च्या दुष्काळी कामांच्या वेळचे पाझर तलाव आहेत. तेथे टिबुकली, ढोकरी, खंड्या, टिटवी व धोबी एवढे पक्षी बहुधा भेटतात, आणि प्राथमिक वर्गाला एका सकाळी पाच पक्षी पुष्कळ झाले. वरच्या अंगाला गोदावरीवरच नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर आहे. २०२० साली रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणस्थळ. समुद्रकाठी ठाण्याच्या खाडीस तो मान २०२२ साली मिळाला. खाडीच्या चिखलावर जे रोहित पक्षी हजारोंनी उतरतात, त्यांचे थवे काही वर्षी नाथसागरावरही दिसतात. समुद्र न पाहिलेल्या मुलांना हा दुवा फार आवडतो.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. काही वर्षी हा सप्ताह दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. तेव्हा सहल सुट्टीपूर्वी उरकावी व सुट्टीत मुलांना गावच्या तळ्याची रोजची नोंद करावयास सांगावी. नोंदवहीत तारीख, वेळ, आभाळ, पाण्याची पातळी (ओळखीच्या दगडावरून), पक्ष्याचे गावचे नाव, ग्रंथातील नाव, अदमासे संख्या व तो काय करीत होता, एवढे रकाने पुरेत. नाव न कळल्यास जागा कोरी सोडून चोचीचे व पायांचे रेखाचित्र काढावे. वही शाळेची असावी, मुलाची नव्हे. म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गाला तोच दगड, तेच तळे आणि गेल्या वर्षीचा आकडा समोर ठेवून काम सुरू करता येईल.